चांगला प्रॉडक्ट ओनर कशाने होतो? कापूस खरेदीच्या ॲपवर काम करणाऱ्याच्या प्रश्नाला उत्तर

भाऊ, तुमचा प्रश्न नीट वाचला. तुम्ही यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहून काम करता, डेव्हलपर मंडळी नागपुरात आहेत आणि एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या तीन केंद्रांसाठी कापूस-सोयाबीन खरेदीचं ॲप तयार होतंय. काही महिन्यांपूर्वी तुम्हाला प्रॉडक्ट ओनर केलं, म्हणजे ॲपमध्ये काय आणि कोणत्या क्रमाने करायचं हे ठरवणारा माणूस. त्याची परीक्षाही तुम्ही पास झालात. आता संचालक मंडळातला प्रत्येक जण फोन करून वेगळं सांगतो, डेव्हलपर विचारतात "यातलं आधी काय?", तुम्ही म्हणता "विचारून सांगतो", आणि उत्तर येईस्तोवर स्प्रिंट (टीमचा ठरावीक आठवड्यांचा कामाचा टप्पा) संपलेला असतो. म्हणून तुम्ही विचारलंत: चांगला प्रॉडक्ट ओनर व्हायला नेमकं काय लागतं, कोडिंग शिकू का, की आणखी एखादा कोर्स करू, आणि काम जमतंय की नाही हे कशावरून बघू?

मी हिंगणघाटकडची. खरेदी केंद्र, काटा, जिनिंग या साखळीतल्या सॉफ्टवेअरवर बरीच वर्षं प्रॉडक्ट ओनर म्हणून काम करतेय, त्याआधी टेस्टिंग करत होते. तुमच्या प्रश्नात एक वाक्य सहज येऊन गेलंय, मला तेच मुद्द्याचं वाटलं: "विचारून सांगतो." डेव्हलपर तुम्हाला विचारतो, तुम्ही संचालकांना विचारता, संचालक अध्यक्षांना विचारतात, अध्यक्ष त्या दिवशी लग्नाला गेलेले असतात. या साखळीत तुमच्या वाट्याला फक्त निरोप पोचवणं आलंय. हे असंच चालू राहिलं तर कितीही कोर्स केले, कितीही कोडिंग शिकलात, तरी टीमचा खोळंबा संपणार नाही.

माझ्या लेखी चांगल्या प्रॉडक्ट ओनरची खूण एकच: टीमने विचारलं की बहुतेक वेळा त्याच दिवशी उत्तर मिळतं, आणि ते उत्तर खरेदी केंद्राच्या गेटवर, प्रत्यक्ष कामात टिकतं. त्याच दिवशी उत्तर द्यायला अधिकार लागतो. ते गेटवर टिकायला स्वतः गेटवर जाऊन उभं राहावं लागतं. बॅकलॉग (करायच्या कामांची क्रमवार यादी), स्टोऱ्या (त्यातल्या एकेका कामाचं छोटं वर्णन), मीटिंगा हे सगळं त्यानंतर.

तुमचा पगार कोण देतं यावर पुढचं बरंच काही ठरतं. तुम्ही उत्पादक कंपनीचेच कर्मचारी असाल तर अधिकार मागणं सोपं, कारण मागायचा तो आपल्याच माणसांकडे. तुम्ही सॉफ्टवेअर करणाऱ्या फर्मचे असाल आणि ठरलेल्या रकमेत ठरलेलं काम असा करार असेल, तर खरा प्रॉडक्ट ओनर समोरच्या बाजूला असायला हवा. तुम्ही त्याचे मदतनीस. आणि हेच ॲप पुढे चार-पाच उत्पादक कंपन्यांना विकायचं असेल तर गणित आणखी वेगळं, कारण तेव्हा एका अध्यक्षाचा हट्ट दुसऱ्या चौघांच्या गळ्यात पडतो. मी पहिली परिस्थिती धरून लिहितेय, दुसरीबद्दल खाली थोडं आहे.

आधी अधिकाराचं. स्प्रिंट, बॅकलॉग वापरून काम करायच्या पद्धतीला स्क्रम म्हणतात. ती मांडणाऱ्या केन श्वेबर आणि जेफ सदरलँड यांच्या स्क्रम गाईडच्या २०२० च्या आवृत्तीत स्पष्ट लिहिलंय की प्रॉडक्ट ओनर ही एक व्यक्ती असते, समिती नसते. तिने अनेकांच्या गरजा लक्षात घ्यायच्या, पण कुणाला बॅकलॉग बदलून हवा असेल तर त्याने आधी तिला पटवायचं. आणि ती यशस्वी व्हायची असेल तर सगळ्या संस्थेने तिच्या निर्णयांचा मान राखायला हवा. परीक्षेसाठी तुम्ही हे वाचलंच असेल. तुमच्या संचालकांनी वाचलेलं नाही, आणि त्यांनी ते वाचावं ही अपेक्षाही बरोबर नाही. त्यांना त्यांच्या भाषेत सांगायचं काम तुमचं.

मी ते असं करते. एका कागदावर मराठीत दोन भाग लिहायचे. वरच्या भागात जे संचालक मंडळच ठरवणार ते: खरेदीचा भाव, कपातीचे नियम, शेतकऱ्याचे पैसे किती दिवसांत द्यायचे, कोणत्या केंद्रावर खरेदी सुरू करायची. खालच्या भागात जे मी एकटी ठरवणार ते: कोणतं काम आधी, कोणतं नंतर, स्क्रीनवर काय दिसेल, काम पूर्ण झालं असं कधी म्हणायचं. पैसा आणि कायदा त्यांच्याकडे, कामाचा क्रम माझ्याकडे. हा कागद सभेत वाचून दाखवायचा आणि सभेच्या इतिवृत्तात घ्यायला लावायचा. आपल्याकडे इतिवृत्तात आलेल्या गोष्टीला वजन असतं. नंतर कुणी फोन केला की "काकाजी, हे सभेत ठरलंय" एवढं म्हणता येतं आणि कुणाचा अपमानही होत नाही.

अधिकार मिळाला म्हणजे उत्तर बरोबर येईलच असं नाही. दुसरी गोष्ट मला त्याहून मोठी वाटते, म्हणून तिच्यावर जरा जास्त लिहिते.

आमच्या ॲपमध्ये गेटवर कापसाचा ओलावा नोंदवायला एक रकाना होता. ऑफिसातून तक्रार यायची की गेटवरचा मुलगा नोंद उशिरा करतो. त्यांची मागणी होती, प्रत्येक नोंदीवर वेळ टिपा म्हणजे त्याला धरता येईल. मागणी साधी होती, डेव्हलपरला अर्ध्या दिवसाचं काम. मी डिसेंबरात त्या जिनिंगच्या गेटवर जाऊन मुलाशेजारी बसले. गाडी आली की तो कापसात मीटर खुपसायचा, आकडा बघायचा आणि फोनला हात न लावता एका जुन्या काटापट्टीच्या मागे पेन्सिलने लिहायचा. मग गाडीच्या दुसऱ्या टोकाला. मग कोपरापर्यंत हात घालून खालच्या थरात. शेतकरी बाजूला उभा, "वरचा पाहा ना भाऊ, कसा वाळेल आहे" म्हणत. तिन्ही आकडे कागदावर आले की दोघांची घासाघीस, आणि जे ठरेल ते ॲपमध्ये. तोवर मागे गाड्यांची रांग वाढत जायची. मी विचारलं, आकडा तिथल्या तिथे का टाकत नाहीस? तो म्हणाला, "ताई, वरचा कापूस वाळेल राह्यते, खालचा ओला निंगते. तुमच्या मोबाइलात एकच घर हाय. कोणता टाकू मी?"

यात किती पैसा अडकलेला असतो ते बघा. कापसाच्या हमीभावाच्या खरेदीत ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव, ८ ते १२ च्या मध्ये वाढत्या टक्क्यामागे भावात एक टक्का कपात, आणि १२ च्या वर कापूस घेत नाहीत. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये होता. म्हणजे ओलाव्याचा एक टक्का क्विंटलमागे साधारण ८१ रुपयांचा, आणि २० क्विंटलच्या गाडीला सोळाशे रुपयांच्या वर. आकडा ११.८ आला की १२.२, यावर तर गाडी रिकामी होणार की भरलेली परत जाणार हेच ठरतं. एवढ्या मोठ्या गोष्टीसाठी आम्ही त्या मुलाला एक रकाना दिला होता आणि त्याचा उशीर पकडायला निघालो होतो.

वेळ टिपायची मागणी मी बाजूला ठेवली. तिच्या जागी आलं ते तीन नोंदींचं काम: तीन आकडे, त्यांची सरासरी आपोआप, आणि ती शेतकऱ्यालाही दिसेल एवढ्या मोठ्या अक्षरांत. मुलाची पेन्सिल थांबली. उशिराची तक्रारही पुन्हा आली नाही, कारण उशीर त्याच्या आळसामुळे होतच नव्हता.

म्हणून कुणी काहीही मागितलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "हे नसल्यामुळे आज काय होतं? मला दाखवा." सांगा म्हणत नाही, दाखवा म्हणते. माणूस सांगताना उपाय सांगतो, दाखवताना अडचण दाखवतो. संचालकाने सांगितलेला उपाय त्याच्या खुर्चीतून जेवढं दिसतं तेवढ्यापुरता असतो. त्यात त्याचा दोष नाही, गेटवर बसणं त्याचं काम नाही. ते आपलं काम.

जाताना गर्दीच्या वेळी जा. सकाळी अकराला गेलात तर सगळे चहा पाजतील आणि सगळं छान चाललंय म्हणतील. संध्याकाळी, रांग लागलेली असताना, लाईन गेलेली असताना, हमाल ओरडत असताना जा. लॅपटॉप उघडू नका. तुम्हाला काय हवं असंही विचारू नका, त्या प्रश्नाला लोक भलतीच उत्तरं देतात. फोनच्या शेजारी ठेवलेले कागद बघा: वही, चिठ्ठ्या, पुठ्ठ्यावर लिहिलेले नंबर. ॲप जिथे कमी पडतं तिथे कागद असतो. मला एका केंद्रावर अशाच वहीत शेतकऱ्यांच्या नावापुढे कंसात दुसरी नावं दिसली. सातबारा बापाच्या नावावर, गाडी घेऊन आलेला मुलगा, आणि मोबाइल नंबर शेजारच्याचा, कारण यांच्या फोनचा रिचार्ज संपलेला. आमच्या नोंदणीत एक नाव, एक नंबर. पैसे जमा झाल्याचा एसएमएस शेजाऱ्याला जात होता आणि घरातला माणूस केंद्रावर येऊन भांडत होता. हे कुठल्याही मीटिंगमध्ये कुणी सांगितलं नसतं.

या जाण्यायेण्यातून आणखी एक ज्ञान मिळतं, जे डेव्हलपरकडे कधीच नसतं: कोणती गोष्ट बदलणारी आहे आणि कोणती कायमची. सोयाबीनच्या हमीभाव खरेदीत ओलाव्याची मर्यादा १२ टक्के. २०२४ च्या नोव्हेंबरात, हंगाम सुरू झालेला असताना, केंद्र सरकारने ती त्या हंगामापुरती १५ टक्के केली. ज्या ॲपमध्ये १२ हा आकडा थेट कोडात लिहिलेला असेल, तिथे अशा वेळी नवी आवृत्ती काढून प्रत्येक केंद्रावरच्या फोनात घालावी लागते, तीही नेट नसलेल्या गावांत. सेटिंगमध्ये असेल तर एका जागी बदलला की काम झालं. डेव्हलपरला १२ म्हणजे १२ दिसतो, त्यात त्याची काही चूक नाही. "हा आकडा दिल्लीतून बदलू शकतो, तो वेगळा ठेव" हे सांगायचं काम तुमचं. आणि अशा बदलामुळे चालू स्प्रिंटचं उद्दिष्टच निरर्थक झालं, तर स्प्रिंट रद्द करण्याचा अधिकार स्क्रममध्ये फक्त प्रॉडक्ट ओनरला आहे. क्वचितच वापरायचा, पण तो तुमच्याकडे आहे हे माहीत असू द्या.

आता "यातलं आधी काय?" याबद्दल. पुस्तकांत यासाठी बरीच सूत्रं असतात, गुण द्या, भागा, तक्ता काढा. मी ती वापरून पाहिली आहेत आणि तरुण टीमला विचार करायला लावण्यापुरती ती बरी आहेत. पण आपल्याकडे क्रम हंगाम ठरवतो. दसरा-दिवाळीच्या आसपास कापूस घरात येतो, सोयाबीन त्याच्याही आधी, आणि तिथून पुढचे चार-पाच महिने खरेदी. त्यानंतर ॲप सुंदर झालं तरी वापरायला कुणी नाही. म्हणून मी पहिली गाडी गेटवर येईल त्या दिवसापासून उलटी मोजणी करते. केंद्रावरच्या मुलांना शिकवायला दोन आठवडे तरी लागतात, ते आधी वजा करायचे. उरलेल्या स्प्रिंटांत काय बसवायचं यासाठी तीन प्रश्न: हे पहिल्या दिवशी नसेल तर गाडी अडेल का? हे एक हंगाम हाताने करता येईल का? हे केल्याने पुढच्या कामाबद्दल काही कळेल का?

उदाहरण घ्या. एका वर्षी आमच्यापुढे चार कामं होती. नेट नसताना नोंद होणं. शेतकऱ्याला पावतीचा एसएमएस. वजनकाटा थेट ॲपला जोडणं. आणि अध्यक्षांना रोजच्या खरेदीचा डॅशबोर्ड, म्हणजे सगळे आकडे एका स्क्रीनवर. आवाज सगळ्यात मोठा डॅशबोर्डचा होता, कारण मागणारा माणूस मोठा होता. पण नेट नसताना नोंद झाली नाही तर गाडी अडते, ते पहिलं. एसएमएस नसेल तर गाडी अडत नाही, पण शेतकऱ्याच्या हातात पुरावा राहत नाही आणि पुढच्या वेळी तो व्यापाऱ्याकडे जातो. ते दुसरं, आणि तोवर कागदी पावती. काटा जोडण्याबद्दल डेव्हलपरांनी सांगितलं की प्रत्येक केंद्रावरचा इंडिकेटर (काट्याचं वजन आकड्यात दाखवणारं यंत्र) वेगळ्या कंपनीचा, काहींची केबल जोडायची जागाच खराब, त्यामुळे केंद्रागणिक वेगळं काम निघणार. मग त्या हंगामापुरतं ठरलं की वजन हाताने टाकायचं आणि इंडिकेटरचा फोटो नोंदीला जोडायचा. मोठं काम टळलं, आणि आकडा चुकीचा टाकला तर कळण्याची सोय राहिली. डॅशबोर्ड सगळ्यात शेवटी गेला. अकाउंटंट रोज संध्याकाळी एक्सेलची शीट अध्यक्षांच्या व्हॉट्सॲपवर टाकायचा. त्यातून कळलं की ते रोज फक्त तीनच आकडे बघतात: किती क्विंटल, किती पैसे द्यायचे बाकी, कोणतं केंद्र मागे. पुढच्या वर्षी डॅशबोर्ड झाला तेव्हा त्यात तेवढंच होतं.

हे अध्यक्षांना सांगायचं कसं, हीच तुमची खरी धाकधूक असणार, हे मी समजू शकते. आपल्याकडे संचालक म्हणजे गावातली वडीलधारी माणसं. कुणी तुमच्या वडिलांचे मित्र असतील, कुणी तुम्हाला लहानपणापासून ओळखत असतील. चारचौघांत त्यांना नाही म्हणायचं नसतं, आणि म्हणूही नये. सभेच्या आधी एकटं जाऊन भेटायचं. यादी सोबत न्यायची, छापील, एका पानावर, वरपासून खालपर्यंत क्रमाने. मी काहीशी अशी बोलते: "काकाजी, डॅशबोर्ड होणार आहे, यादीत आहे. तो दिवाळीच्या आधी घ्यायचा तर वरचं एक काम खाली उतरवावं लागेल. हे नेट नसतानाचं उतरवलं तर तुमच्याच केंद्रावर गाड्या थांबतील. मला वाटतं हा क्रम असाच ठेवावा." नकार तोंडावर मारायचा नाही, किंमत समोर ठेवायची, आणि आपलं मत स्पष्ट सांगायचं. फक्त "काय करू ते सांगा" म्हणून थांबलात तर पुन्हा निरोप्या झालात.

कधी कधी ते तुम्हाला माहीत नसलेली गोष्ट सांगतात. बँकेच्या कर्जाच्या बैठकीसाठी आकडे अमुक तारखेला हवेतच, असं काही. मग क्रम बदलायचा, आणि का बदलला ते टीमला त्याच दिवशी सांगायचं. क्रम बदलण्यात कमीपणा नाही. कारण न सांगता बदलला की टीमचा विश्वास जातो, आणि तो गेला की डेव्हलपर मनापासून काम करणं थांबवतात, फक्त दिलेलं उरकतात.

इथवरचं थोडक्यात: काय ठरवायचा अधिकार आपला आहे ते लिहून घ्या, गर्दीच्या वेळी गेटवर बसा, हंगामावरून उलटी मोजणी करून क्रम लावा, आणि नाही म्हणताना त्याची किंमत दाखवा.

स्टोरी कशी लिहावी यावर लोक फार वेळ घालवतात. रॉन जेफ्रीज यांनी २००१ मध्ये तीन शब्दांत सांगितलं होतं: कार्ड, संवाद, खातरजमा. कार्ड छोटं, बोलणं भरपूर, आणि शेवटी "झालं" कशावरून म्हणायचं ते पक्कं. माझ्या अनुभवात खरी कसोटी खातरजमेची. "शेतकऱ्याला पावती मिळावी" असं लिहून सोडलं तर दहा प्रश्न शिल्लक राहतात. मी खाली अटी लिहिते: नेट नसेल तर पावती फोनात थांबेल आणि नेट येताच जाईल, नंबर सातबाऱ्यावरच्या माणसाचा नसेल तरी चालेल, पण तो कुणाचा हे नोंदवलेलं असेल, वजन नंतर दुरुस्त झालं तर दुसरी पावती जाईल आणि तिच्यावर "दुरुस्त" लिहिलेलं असेल, मजकूर मराठीत. या अटी एकटीने लिहीत नाही. डेव्हलपर आणि टेस्टर यांच्यासोबत बोलताना लिहिते, कारण "वजन नंतर दुरुस्त झालं तर?" हा प्रश्न बहुतेक वेळा टेस्टरच विचारते.

टीम नागपुरात आणि तुम्ही गावात, याने बिघडत नाही. तुम्ही सापडत नसाल तर मात्र बिघडतं. स्क्रमसारख्या पद्धतींमागचा विचार सांगणारा ॲजाइल जाहीरनामा २००१ मध्ये सतरा जणांनी अमेरिकेतल्या युटा राज्यात बसून लिहिला. त्याच्या तत्त्वांत एक तत्त्व आहे की धंदा समजणारी माणसं आणि डेव्हलपर यांनी रोज सोबत काम करावं. रोज. आपल्याकडे लाईन आणि नेट यांचा भरवसा नसतो, म्हणून मी टीमला दिवसातल्या दोन ठरलेल्या वेळा देते, ज्यात मी हमखास फोनवर असते, नेट असो वा नसो, साध्या कॉलवर. बाकी वेळी व्हॉइस मेसेज. आणि दिलेला प्रत्येक निर्णय त्याच संध्याकाळी एका सामायिक कागदावर एका ओळीत: काय ठरलं, का ठरलं, कधी. ही सवय कंटाळवाणी आहे. पण तीन महिन्यांनी "हे असं का केलंय?" असं कुणी विचारलं की तुम्हाला आठवत बसावं लागत नाही, आणि नवीन डेव्हलपर आला की तो आधी ते वाचतो.

कोडिंगचं उत्तर छोटं आहे. शिकायला हरकत नाही, पण तुमचं अडलंय ते त्यामुळे नाही. डेटाबेसमधून स्वतः माहिती काढता येईल एवढं एसक्यूएल शिका, ते रोज उपयोगी पडतं. काम किती मोठं आहे याचा अंदाज मात्र डेव्हलपरांचाच असू द्या. "एवढं तर दोन दिवसांत होईल" हे वाक्य प्रॉडक्ट ओनरच्या तोंडून कधी जाऊ नये. त्याऐवजी "यात अवघड काय आहे?" असं विचारा. काट्याच्या इंडिकेटरची अडचण मला याच प्रश्नातून कळली होती.

रिव्ह्यू, म्हणजे स्प्रिंटच्या शेवटी झालेलं काम दाखवणं, याबद्दल एक आग्रह. स्प्रिंट संपल्यावर डेव्हलपरने स्वतः बटणं दाबून दाखवायची आणि आपण टाळ्या वाजवायच्या, असा रिव्ह्यू नको. गेटवरच्या माणसाच्या हातात फोन द्या, व्हिडिओ कॉल लावा आणि नागपूरच्या टीमला बघू द्या. आमच्या टीमने असं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या मुलाच्या बोटांना कापसाचं कुसर आणि धूळ होती, ऊन थेट स्क्रीनवर येत होतं, आणि तो एका हाताने गाडीचा दोर धरून अंगठ्याने आकडे टाकत होता. फिकट करड्या रंगाची बटणं त्याला दिसतच नव्हती. मी एक शब्दही बोलले नाही. पुढच्या स्प्रिंटला डेव्हलपरांनी स्वतःहून बटणं मोठी आणि गडद केली. माझ्या सांगण्याने हे एवढ्या लवकर झालं नसतं.

तुमचं काम जमतंय की नाही हे कशावरून बघायचं, असंही तुम्ही विचारलंय. किती स्टोऱ्या पूर्ण झाल्या यावरून बघू नका. नको ती कामं भराभर पूर्ण होऊ शकतात. मी बघते की केंद्रावरची वही बंद झाली का. ॲप असूनही मुलगा वही ठेवत असेल तर त्याचा ॲपवर भरवसा नाही, आणि त्याला तसं वाटायला कारण असतं. दुसरं, गेटवर आल्यापासून पावती हातात पडेस्तोवर गाडीला किती वेळ लागतो. तिसरं, टीमचे किती प्रश्न दोन दिवसांहून जास्त माझ्यामुळे अडकून पडलेत. हा शेवटचा आकडा मी सगळ्यांसमोर लावते, कारण त्याची जबाबदारी पूर्ण माझी.

तुम्ही सॉफ्टवेअर फर्मकडून असाल तर एवढंच वेगळं करा: उत्पादक कंपनीकडून एक नाव मागून घ्या, एकच, आणि ते शक्यतो अध्यक्षांचं नको. त्यांना वेळ नसतो. मुख्य कार्यकारी अधिकारी किंवा केंद्रांचा कारभार प्रत्यक्ष बघणारा माणूस चांगला. क्रम त्यांनी लावायचा. तुम्ही त्यांना गेटवर घेऊन जायचं, किंमत समजावून सांगायची, आणि टीमच्या प्रश्नाला त्यांच्याकडून त्याच दिवशी उत्तर मिळवायचं. त्या माणसाला तुम्ही सांगितलेलं ऐकावंसं वाटलं तर काम नीट चालतं. आणि असं कुणीच मिळत नसेल तर ते फर्मच्या मालकांना लेखी कळवा, कारण पुढे उशिराचं खापर तुमच्यावर आणि टीमवर फुटणार.

आणखी एक कोर्स करू का, याला माझं उत्तर: या हंगामात नको. ते पैसे गाडीभाड्यात घाला आणि तुमच्या तिन्ही केंद्रांवर एकेक संध्याकाळ काढा. त्याआधी या आठवड्यात अध्यक्षांना भेटून अधिकाराचा कागद दाखवा; पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत तो विषय टाकायला सांगा. टीमला आजच तुमच्या दोन वेळा कळवा. आणि बॅकलॉगमधली वरची आठ-दहा कामं, कुणी मागितली आणि का मागितली यासकट, इथेच लिहा. पहिली गाडी कधी अपेक्षित आहे तेही लिहा, म्हणजे क्रमाबद्दल मला नेमकं बोलता येईल.